एका पायाचा घोडा

मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्यात माणसांची विचारपूस मागे पडते आणि घोड्यांची सुरू होते. तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या मुलखांतून व्यापारी आपापली जनावरे घेऊन उतरू लागले म्हणजे, ज्याने जन्मात कधी गाढवाच्या पाठीवरही मांड ठोकलेली नाही असा गृहस्थदेखील नुकरा कशाला म्हणावे, देवमण नेमका कोठे असावा, आणि चारी पायांसह कपाळावर पांढरे असल्याखेरीज घोड्यास पंचकल्याणी म्हणणे ही कशी शुद्ध फसवणूक आहे, यावर चहाच्या दुकानात अधिकारवाणीने निरूपण करू लागतो. आमच्या घरात मात्र त्या दिवसांत घोड्याचे नाव निघत नाही. दिवेलागणीच्या सुमारास, गावातील इतर गृहिणी आपल्या यजमानांस ‘जेवायला काय करू?’ असे विचारीत असताना, आमच्या सौभाग्यवती ओसरीवर येऊन, कमरेवर हात ठेवून, ‘आज त्याला काय पांघरायचं?’ असा सवाल टाकतात. ‘तो’ म्हणजे आमचा माड.

मुलकी खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून सेवानिवृत्त झालेल्या इसमाने माडाच्या नादी का लागावे, याची कैफियत देणे भाग आहे. आमच्या चिरंजीवांनी गुहागरकडील एका घरी सोयरिक जुळवली, आणि कन्येचा संसार पाहण्याच्या निमित्ताने आमचे व्याही प्रथमच खानदेशात आले ते, १९५५ सालापासून नारळाचाच विचार करीत आलेल्या भाट्याच्या संशोधन केंद्रातून विकत घेतलेले बाणवली जातीचे एक रोप गोणपाटात गुंडाळून, एस.टी.च्या सगळ्या बदल्यांतून मांडीवर सांभाळीत घेऊन आले. रोप आमच्या हाती देताना ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले, ‘‘हौसेनं आणलंय हो. तुमच्याकडच्या हवेत जगायचं नाही म्हणा, पण चार दिवस दाराला शोभा.’’

व्याह्यांच्या तोंडचे वाक्य वरकरणी कितीही गोड असले तरी मुलाकडच्या दप्तरात त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते, हे ज्यांच्या घरी लग्ने झाली आहेत त्यांना सांगावयास नको. त्या घटकेपासून ते रोप केवळ रोप राहिले नाही. तो आमच्या घराण्याच्या अब्रूचा, समस्त खानदेशच्या हवेचा, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून अलग होऊन उदयास आलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या स्वतंत्र अस्तित्वाचा प्रश्न होऊन बसला.

वस्तुतः व्याह्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, आणि तेच अधिक झोंबणारे होते. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना साधारण वीस-वीस अंशांपर्यंतचा पट्टा हा नारळाचा खरा वतनी मुलूख. तेथील सत्तावीस अंशांच्या आसपासची बारमाही ऊब, दमट वारा आणि मुबलक पाऊस यांची त्याला पिढीजात सवय. सारंगखेडा एकविसाव्या अंशाच्याही पुढे, म्हणजे हद्दीबाहेर अवघ्या दीड अंशावर. बांधाच्या वीतभर जागेसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडल्याची प्रकरणे आयुष्यभर हाताळलेली असल्यामुळे, दीड अंशाची तफावत आपसांत मिटवता येण्याजोगी आहे, असे आम्हाला मनापासून वाटले. खानदेशात नारळ मुळी येतच नाही असेही नव्हे. विहिरीच्या कडेला किंवा बंगल्याच्या कुंपणात पाण्याच्या जोरावर उभे राहिलेले माड शहाद्याकडे दृष्टीस पडतात. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकवणारी आणि पौषात तोच पारा एक आकडी संख्येवर आणून बसवणारी आमची हवा कोणत्याही परप्रांतीयाची परीक्षा पाहते. सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आणि डाब येथे दवाचे थेंब गोठून गवत पांढरे झाल्याचे वर्तमान दर हिवाळ्यात नियमाने छापून येते, आणि ते वर्तमान ज्या सकाळी येते त्या सकाळी आम्ही चहा टाकून आधी अंगणात जातो.

माडाच्या जातीत एक मोठी राज्यघटनात्मक उणीव आहे. आंब्याची एक फांदी वठली तर दुसरी कारभार पाहते. माडाला फांदीच नाही. जे काही भवितव्य आहे ते शेंड्याच्या गाभ्यातील एकुलत्या एका कोंबात साठवलेले. तो कोंब थंडीने दुखावून कुजला की खटला निकाली, वर अपील नाही. त्यात भर म्हणजे डिसेंबरात बसलेल्या गारठ्याचा जाब हे झाड डिसेंबरात देत नाही. फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर, आपण निर्धास्त झालो असता, नवे पान तांबूस डागांसह उलगडून ते आपले म्हणणे सादर करते. अर्जाचे उत्तर दोन-दोन महिन्यांनी मिळण्याची आम्हाला सवय होती, मात्र ती मेजाच्या पलीकडच्या बाजूने होती.

या अवस्थेत आमच्या इंग्लंडातील भाच्याने आगीत तेल ओतले. तो लीड्स नावाच्या शहरात नोकरीस आहे. एका सकाळी त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर छायाचित्र धाडले: गुडघाभर बर्फ, मागे विटांचे घर, आणि पुढे अंगणात, डोक्यावर बर्फाची टोपी घेऊन निवांत उभा असलेला एक हिरवागार माड. खाली मजकूर होता, ‘मामा, काल रात्री उणे सहा होतं. याला काही फरक नाही. तुमचा कसा आहे?’

आमचा माड त्या वेळी अधिक अकरा अंशांत मान टाकून बसला होता. आम्ही तातडीने खुलासा मागवला. भाच्याने सांगितले की, हा नारळ नव्हे, चीनच्या डोंगराळ मुलखातला, पंख्याच्या आकाराच्या पानांचा चुसान ताड होय. रॉबर्ट फॉर्च्यून नामक स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने तो चुसान बेटावर पाहिला, १८४९ साली त्याची रोपे विलायतेस रवाना केली, आणि १८५१ साली त्यांपैकी एक खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न येथील बागेत समारंभाने लावण्यात आले. उणे पंधरापर्यंतची थंडी हा गृहस्थ सोसतो, कारण जन्मतःच खोडाभोवती तपकिरी, केसाळ तंतूंचे जाडजूड वेष्टन बाळगतो. ते तंतू सोलून चिनी शेतकरी पावसात घालावयाचे डगले विणीत असत.

‘‘म्हणजे,’’ हे सारे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘त्यांचा माड माणसांना कपडे पुरवतो, आणि आपल्या माडाला माणसांनी पुरवायचे.’’

आम्ही विषय बदलण्याच्या हेतूने भाच्याकडून कळलेली आणखी माहिती पुढे केली. कुमाऊँ प्रांती पिथौरागडाजवळ थलकेदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरांच्याही वर, बर्फ झेलीत वाढणारा अस्सल हिंदुस्थानी ताड आहे, आणि बेक्कारी नावाच्या इटालियन पंडिताने १९०५ साली त्याचे शास्त्रोक्त नामकरणही केले आहे. इटलीतच पादुआ येथील वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला एक ताड आजतागायत जिवंत असून, जर्मन महाकवी गटे याने तो १७८६ साली पाहिल्यापासून त्याला गटेचाच ताड म्हणतात. त्याला थंडी बाधू नये म्हणून त्याच्याभोवती अष्टकोनी काचघर उभारलेले आहे.

‘‘काचघर?’’

‘‘हो. अष्टकोनी.’’

‘‘आपल्या न्हाणीघराचा पत्रा गळतोय. त्याला कोन चारच आहेत. तो आधी बघा.’’

काचघराची दरखास्त अशा रीतीने पहिल्याच टप्प्यावर नामंजूर झाल्यामुळे देशी उपायांचा अवलंब करणे प्राप्त झाले. काळ्या, चिकण जमिनीत माडाच्या मुळाशी पाणी तुंबते, सबब वाळू मिसळावी, असा व्याह्यांचा फोनवरून हुकूम होता. ज्या वाळूचे पंचनामे लिहिण्यात आमच्या नोकरीची उमेदीची वर्षे खर्ची पडली, तीच वाळू घमेल्यात घेऊन, वर फडके झाकून, दिवसाउजेडी गावातून चालत येण्याचा प्रसंग आमच्यावर आला. खिशात रीतसर खरेदीची पावती होती. तरीही वाटेत भेटलेल्या एका तरुण तलाठ्याने घमेल्याकडे आणि मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून जे एकच वाक्य उच्चारले, ‘‘आप्पासाहेब, तुम्हीसुद्धा?’’, त्याने आमच्या निवृत्तिसमारंभातील सर्व भाषणे एका क्षणात रद्दबातल ठरली.

केळी आणि पपई यांच्या बागा सांभाळणारा आमचा शेजारी थंडीच्या बाबतीत अनुभवी. तो म्हणाला, केळीला आम्ही रात्रीचे पाणी सोडतो. विहिरीचे पाणी कोमट असते, जमीन गार पडत नाही. पहाटे बांधाला ओला काडीकचरा पेटवून धूर करतो, म्हणजे गारवा खाली उतरत नाही. हे शास्त्र पन्नास गुंठ्यांच्या बागेसाठी उत्तम आहे. एका माडासाठी, भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत, पहाटे चार वाजता गोवऱ्यांचा आणि ओल्या पाल्याचा धूर केला असता तो माडापाशी अगदी थोडा वेळ थांबतो आणि उरलेला वेळ शेजाऱ्याच्या माजघरात काढतो. उपाय ज्याने सांगितला तोच गृहस्थ उपरण्याने नाक धरून दारात आला. ‘‘आप्पा, त्याले थंडी वाजी राहिनी, हाई कबूल शे, पन आमले खोकला व्हई राहिना, त्यानं काय?’’

त्यानंतर धूर कमी करून पांघरुणाकडे लक्ष वळवले. सौभाग्यवतींच्या एका जुन्या हिरव्या इरकली लुगड्याने माड पायापासून शेंड्यापर्यंत गुंडाळला, आत ऊब राहावी म्हणून बुंध्याशी एक मिणमिणता विजेचा दिवा ठेवला, आणि शेजारधर्माला बाध येणार नाही इतपत एका मातीच्या भांड्यात चार गोवऱ्या धुमसत ठेवल्या. दत्तजयंतीचे दिवस जवळ आलेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर येऊन पाहतो तो, कुंपणाशी पायी आलेल्या यात्रेकरूंचे एक कुटुंब हात जोडून उभे. अंधारात हिरवे लुगडे नेसलेली, दिव्याच्या प्रकाशात उभी, पुढ्यात धूप जळत असलेली आकृती पाहून त्यांनी जो निष्कर्ष काढला त्याला दोष देता येणार नाही. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारले, ‘‘ही कोणती आई म्हणायची, बाबा?’’ आम्ही ‘बाणवली’ असे उत्तर दिले. जात सांगितली होती. ‘‘बाणाई माय!’’ म्हणून त्यांनी कपाळ टेकले, हळदकुंकू वाहिले, सुटी नाणी ठेवली, आणि पिशवीतून नारळ काढून माडाच्या पुढ्यात दगडावर फोडला. भर थंडीत आपल्याच कुळातील एका वडीलधाऱ्याचा असा शेवट पाहून त्या कोवळ्या जिवाला काय वाटले असेल! संध्याकाळपर्यंत तेथे तीन नारळ आणि एक खण जमला. सौभाग्यवतींनी खोबऱ्याची चटणी केली आणि मोठ्या समाधानाने बजावले की, माडापासून उत्पन्न सुरू झाले, हे व्याह्यांना जरूर कळवा.

देवस्थानाचा हा नवा व्याप वाढण्यापूर्वी लुगडे काढून घेणे इष्ट होते. त्याच सुमारास केरसुण्या विकणारी म्हातारी आली. नाल्याच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या शिंदीच्या पात्या कापून, वाळवून, झोडून ती फडे बांधते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसते ती तिच्याच हातची. तिने अंगणात टेकून माडाचे लुगडे, दिवा आणि भिंतीवरचा तापमापक यांची सावकाश पाहणी केली.

‘‘आप्पा, हाई झाडले इतलं लाडकोड कसाले? तठे नाल्यामां आमनी शिंदी शे, तिले कोनी पानी बी नही टाकत, तरी मरत नही.’’

मुद्दा बिनतोड होता. शिंदीही त्याच तालकुळातली, माडाची सख्खी नसली तरी चुलत बहीण. आमच्या हिवाळ्यापेक्षा कडक हिवाळाही ती सहज काढते, उन्हाळ्याची पर्वा करीत नाही, गुरांनी पात्या ओरबाडल्या तर पुन्हा फुटते आणि तक्रार म्हणून करीत नाही. थंडी सोसणारा ताड हुडकीत आम्ही लीड्स, पादुआ आणि पिथौरागड एवढी मुलूखगिरी मनाने केली, आणि तो घरामागच्या नाल्यात म्हशींच्या सोबतीने उभा होता. पण मनुष्यस्वभावाचा विचार करा: शिंदी लावली म्हणून व्याही कशाला चकित होणार? नाल्यातले झाड दारात आणले म्हणून लीड्सच्या भाच्याला छायाचित्र कोणत्या तोंडाने धाडणार? म्हातारीला आम्ही एका केरसुणीचे पैसे दिले आणि विषय संपवला. तिने मात्र जाताना माडाकडे पाहून जीभ चुकचुकवली, जी आम्ही ऐकली नाही.

आमचे एक स्नेही अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वेगळीच भीती घातली. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्यापासून ताड, माड आणि शिंदी ही झाडे सरकारच्या नजरेत आहेत. रस काढावयाचा तर झाडागणिक कर भरावा लागे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर तर परवान्यावाचून अशा झाडाला छेद घेणे हा सरळ गुन्हा. ‘‘तुमच्या माडाने रस दिला तर?’’ असे त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले. आम्ही म्हटले, ‘‘भाऊसाहेब, तो अजून धड पान देत नाही.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘सगळे प्रथम असेच सांगतात.’’

अखेर झुलीची कल्पना सुचली ती यात्रेत. घोड्यांच्या साजाची दुकाने तेथे ओळीने थाटतात: लगाम, रिकिबी, खोगिरे, गोंडे, घुंगरांच्या माळा, आणि आत जाड अस्तर व वर आरशांचे भरतकाम असलेल्या झगझगीत झुली. जी झूल मारवाडी घोड्यास एवढी थंडी बाधू देत नाही, ती कोकणी माडास का बाधू देईल, असा आमचा सरळ तर्क. मोठ्या पगडीचा एक व्यापारी घोडेही विकीत होता आणि साजही. त्याने झूल पसरून दाखवली आणि माप विचारले.

‘‘ऊँचाई कितनी, सेठ?’’

‘‘पाच फूट. दरसाल वाढतो.’’

‘‘अच्छा, बछेरा है. कहाँ का?’’

‘‘कोकणचा.’’

त्याने मान वर केली. ‘‘कोंकणी घोड़ा? सुना नहीं कभी. गर्दन कैसी है?’’

‘‘सगळी गर्दनच म्हणा ना.’’

‘‘और टाँगें तो सलामत हैं?’’

‘‘एकच आहे.’’

व्यापाऱ्याचे हात थांबले. त्याने झूल गादीवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले, आणि भरल्या आवाजात म्हणाला, ‘‘ऊपरवाले की मर्ज़ी. लोग तो ऐसे जानवर को छोड़ देते हैं. आप सेवा कर रहे हैं.’’ मग रुमालाखाली हात घेऊन त्याने बोटांनी जो भाव सांगितला तो पहिल्या भावाच्या निम्म्याहूनही कमी होता. पुण्यात आपलाही वाटा असावा अशी त्याची इच्छा होती. गैरसमजातून रास्त किफायत होत असता तो दूर करण्याचा शिरस्ता कोणत्याही खात्यात आमच्या पाहण्यात आलेला नसल्यामुळे आम्ही मौन पाळले आणि झूल काखेत मारून घरी आलो.

झूल माडाला बेतल्याप्रमाणे बसली. तांबडी जमीन, सोनेरी काठ, जागोजाग आरसे, खाली गोंडे. मधल्या फटीतून वर आलेल्या झापांमुळे तो थेट लग्नाच्या मांडवात बाशिंग सावरीत उभा राहिलेला नवरदेव दिसू लागला. आम्ही लीड्सला छायाचित्र धाडले. भाच्याचे उत्तर आले, ‘मामा, माझ्या माडाला हा ड्रेस कुठे मिळेल?’ एवढा निर्भेळ विजय आमच्या वाट्याला नोकरीच्या सबंध काळातही आला नव्हता.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी व्याही आले. यात्रा पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, असे ते म्हणाले. माड पाहण्याची त्याहून अधिक होती, हे त्यांच्या चालण्याच्या दिशेवरून उघड झाले. पिशवी ओसरीवर टाकून ते सरळ अंगणात गेले, झूल किंचित उचलून कोंब पाहिला, आणि किंचित खालच्या स्वरात म्हणाले, ‘‘जगलाय की.’’ या दोन शब्दांसाठी आम्ही जे जे केले ते सारे त्या क्षणी वसूल झाले. रात्री जेवायला वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा असा खानदेशी बेत होता, आणि व्याही दोन घासांमागे एकदा डोळे पुसत आमच्या हवेची मनापासून तारीफ करीत होते.

ही तारीफ रात्री दहापर्यंत टिकली. अंगात मलमलीचा सदरा घालून आलेल्या त्या गुहागरच्या पाहुण्यांना थंडी ही चीज तोवर प्रत्यक्षात भेटलेली नव्हती. प्रथम त्यांनी गोधडी मागितली. मग दुसरी गोधडी. मग चिरंजीवांचे लोकरी बंड्यांचे गाठोडे उघडले गेले. मग सतरंजी आली. अकराच्या सुमारास त्या ढिगाच्या तळातून, दातांच्या तालावर, ‘‘अजून... काही... आहे का हो?’’ अशी पृच्छा झाली. घरातले सर्व पांघरूण संपले होते. सौभाग्यवती काही न बोलता अंगणात गेल्या आणि झूल घेऊन आत आल्या.

‘‘अहो, ती माडाची!’’ आम्ही हळूच म्हणालो.

‘‘पाहुणा गावी जाऊन बोलेल. माड बोलणार नाही.’’

झूल अंगावर पडताच व्याह्यांचे दात थांबले आणि घोरणे सुरू झाले. आम्हाला मात्र झोप आली नाही. मध्यरात्री तापमापक पाहिला तो आठावर. एकदा वाटले की व्याह्यांच्या अंगावरची सतरंजी तरी हळूच ओढावी, पण त्यांनी ती मुठीत धरली होती. पहाटे डोळा लागला, आणि उजाडता उजाडता अंगणातून येणाऱ्या ‘करकर’ अशा समाधानी आवाजाने तो उघडला.

यात्रेच्या गर्दीमुळे आमच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत काही व्यापाऱ्यांनी राहुट्या ठोकल्या होत्या. तेथील एक कुमैत रंगाचे शिंगरू रात्री दावे सोडवून कुंपण ओलांडून आले होते आणि, ज्याला थंडीने हात लावला नाही, त्या माडाचा तिसरा झाप शांतपणे चावीत उभे होते. मालक धावत आला. तोच मोठ्या पगडीचा. त्याने शिंगराला आवरले, मग आमच्याकडे पाहिले, मग माडाकडे पाहिले, मग ओसरीवर तांबड्या झुलीत गुरफटून बाहेर आलेल्या व्याह्यांकडे पाहिले. आणि एकेक धागा जुळत जाऊन त्याच्या मुद्रेवर हळूहळू पूर्ण प्रकाश पडला.

‘‘मतलब,’’ तो म्हणाला, ‘‘मेरे घोड़े ने आपका घोड़ा खा लिया?’’

प्रकरण सामोपचाराने मिटण्याजोगे होते. परंतु हाडीमांसी खिळलेली सवय अशी की, आम्ही आत जाऊन ताव आणि लेखणी घेऊन आलो आणि रीतसर पंचनामा सुरू केला. मौजे सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पंच क्रमांक एक, व्याही. पंच क्रमांक दोन म्हणून, त्याच वेळी केरसुण्या घेऊन आलेल्या म्हातारीस बसवले. नुकसानीचा तपशील: झाप पूर्ण दोन, अपूर्ण एक. शिंगराचे वर्णन: रंग कुमैत, वय अंदाजे दोन वर्षे, देवमण आहे. येथवर सर्व सुरळीत चालले, आणि मग ‘नुकसानीचे कारण’ हा रकाना आला.

‘‘थंडी लिहा,’’ व्याही म्हणाले. ‘‘मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.’’

‘‘ठंड लिखिए साहब, ठंड,’’ व्यापाऱ्याने कळकळीने अनुमोदन दिले. ‘‘बहुत ठंड थी रात को.’’

आम्ही म्हटले, कारण घोडा. व्याही म्हणाले, थंडीने पाने मऊ पडल्याशिवाय घोडा खाईल कशाला. व्यापारी म्हणाला, झूल असती तर घोड्याने तोंडही लावले नसते, आणि झूल तर मी जवळजवळ फुकट दिली होती. या वाक्यानंतर सर्वांची दृष्टी ज्या दिशेला वळली तिकडे व्याह्यांनी झुलीचे टोक अधिक घट्ट आवळले. म्हातारी तोवर उठून माडापाशी गेली होती. तिने बोटाने गाभा चाचपला, कोंब हलके ओढून पाहिला. ‘‘कोंब शाबूत शे,’’ ती म्हणाली. ‘‘काहीच व्हयेल नही. इतलं काय लिखी राहिनात?’’ आणि तिने अंगठा पुढे केला.

कारणाच्या रकान्यावर पंचांचे एकमत न झाल्यामुळे तो कोरा ठेवून खाली सह्या व अंगठा घेण्यात आला. शिंगरू मालकाच्या हवाली केले. मुद्देमालापैकी झूल नग एक, ही पंच क्रमांक एक यांच्या अंगावर असल्याकारणाने, व ते ती गुहागरपर्यंत सोडण्यास राजी नसल्याकारणाने, ताब्यात घेता आली नाही.